डाव्या काचेचा दोष उजव्या दारात: जुन्या मोटारीच्या पॉवर विंडोचे एक प्रकरण

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात पावसाची सर ओसरली आणि मामींनी वाऱ्यासाठी आपल्या बाजूची काच अर्धी खाली घेतली. दोन वळणे पुढे पुन्हा पाऊस लागला, तेव्हा ती काच वर येईना. बटण वर ओढले की काहीच होत नव्हते, मोटरचा आवाजसुद्धा नव्हता. खाली दाबले की मात्र काच नेहमीसारखी आणखी खाली जात होती. मामांनी ड्रायव्हरच्या दारावरचे बटण वापरून पाहिले, तर त्याने काच वरही येईना आणि खालीही जाईना. उरलेला घाट मामी उघड्या खिडकीशी छत्री धरून बसल्या. पाचगणीत पोहोचल्यावर खिडकीला प्लॅस्टिकचा कागद चिकटवण्यात आला.

मोटार २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी, पाच दारांची आहे. काचांचे काम पाहणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अनेक मोटारींमध्ये असतात, तसे काही या गाडीत नाही. इथे बटणातून वायर थेट काचेच्या मोटरपर्यंत जाते. त्यामुळे या गाडीत दोष शोधण्यासाठी संगणक लागत नाही. व्होल्टेज मोजणारा एक मल्टिमीटर, एक बल्ब आणि वीज कोणत्या वाटेने जाते व कोणत्या वाटेने परत येते याचा नीट विचार, एवढे पुरते.

घाटातल्या त्या प्रसंगानंतर मामांनी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे 'मोटर एका बाजूने गेली आहे' असे सांगण्यात आले आणि डाव्या दाराची मोटर, काच वर-खाली सरकवणाऱ्या यंत्रणेसकट (गॅरेजच्या भाषेत 'मशीन'सकट), बदलण्यात आली. साडेतीन हजार रुपये खर्च झाला. गॅरेजमध्ये काच वर-खाली होताना मामांनी स्वतः पाहिली, पैसे दिले, दार लावून ते घरी आले, आणि अंगणात काच पुन्हा वर येईना. दुसऱ्यांदा गाडी नेली तर तिथे काच व्यवस्थित चालली. तिसऱ्या वेळी 'आता बटण बदलून पाहू' असे उत्तर मिळाले, तेव्हा मामांनी मला फोन केला. "अरे, गॅरेजमध्ये चालते आणि माझ्या दारात चालत नाही. याला काय म्हणायचं?" हे वाक्य त्यांनी वैतागून उच्चारले होते, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती. ते मला पुष्कळ उशिरा कळले.

श्रावणातल्या एका रविवारी मी वाईला गेलो. हत्यारे बाहेर काढण्याआधी अर्धा तास नुसती बटणे दाबली आणि काय चालते, काय चालत नाही हे कागदावर लिहून काढले. डाव्या पुढच्या दाराचे स्वतःचे बटण: काच खाली जाते, वर येत नाही. ड्रायव्हरकडचे त्याच काचेचे बटण: दोन्ही दिशांना काहीच होत नाही. मागच्या दोन्ही काचा: स्वतःच्या बटणावर आणि ड्रायव्हरच्या बटणावर, दोन्ही दिशांना उत्तम. ड्रायव्हरची स्वतःची काच: उत्तम. मुलांनी खेळू नये म्हणून दिलेले खिडक्या बंद ठेवण्याचे कुलूप-बटण: मोकळे. हे शेवटचे तपासणे कोणी विसरू नये, कारण ते चुकून दाबले गेल्यामुळे दुरुस्तीसाठी विनाकारण खोललेली दारे मी पाहिली आहेत.

ही पाच निरीक्षणे बरेच काही सांगतात. या गाडीत चारही काचांना मिळून एकच मोठा फ्यूज आहे, आणि इतर तीन काचा चालत असल्याने फ्यूज व रिले (पुरवठा जोडणारी-तोडणारी विजेवर चालणारी कळ) दोन्ही ठीक आहेत. ड्रायव्हरच्या बटणांना येणारा पुरवठा आणि त्यांची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी वाटही ठीक आहे, कारण मागच्या काचा त्याच पुरवठ्यावर आणि त्याच अर्थिंगवर चालतात. डाव्या दाराच्या बटणाला बॅटरीकडून येणारी वायरही शाबूत असणार, नाहीतर काच खालीसुद्धा गेली नसती.

आता 'मोटर एका बाजूने गेली' या निदानाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात हे निदान वारंवार होते आणि माणसांचे पैसे त्यातच जातात. काचेची मोटर कायम चुंबकाची, १२ व्होल्टची, अगदी साधी मोटर असते. तिला दोनच वायरी असतात. एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ दिला की ती एका दिशेने फिरते, दोन्हींची अदलाबदल केली की उलट फिरते. दोन्ही दिशांसाठी तारेची गुंडाळी तीच, तिला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रशही तेच. म्हणजे जी मोटर काच खाली नेऊ शकते, तिची गुंडाळी व ब्रश काच वर नेण्यासही समर्थ असतात.

याला एक खरा अपवाद आहे आणि गॅरेजवाल्याच्या बाजूने तो सांगणे न्यायाचे ठरेल. खाली जाताना काचेला स्वतःच्या वजनाची मदत होते, वर येताना तेच वजन उचलावे लागते. मोटर म्हातारी झाली असेल, किंवा काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते ती खाच सुकून आवळली असेल, तर काच खाली जाते पण वर येताना अडकते. मात्र तेव्हा मोटर गप्प राहत नाही. ती घुमते, कण्हते, आणि गाडीतला छताचा दिवा लावून ठेवला असेल तर बटण ओढताक्षणी त्याचा उजेड किंचित मंदावतो, कारण अडकलेली मोटर बॅटरीतून भरपूर करंट ओढत असते. बटण बराच वेळ धरून ठेवले तर मोटरच्या आतली उष्णतेवर चालणारी संरक्षक कळ तिला बंद करते आणि मग ती खरोखर गप्प होते. पण त्या वेळी ती दोन्ही दिशांना गप्प होते आणि काही मिनिटांनी थंड झाल्यावर पुन्हा चालू लागते. मामांच्या गाडीत यातले काहीच नव्हते. मी खिडक्यांवर चादर टाकून आत अंधार केला, छताचा दिवा लावला आणि बटण वर ओढले. दिवा तसूभरही हलला नाही. मोटर अडली नव्हती, तिच्यापर्यंत विजेचा फेरा पुराच होत नव्हता.

तो फेरा कसा पुरा होतो हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ड्रायव्हरच्या बटणापासून डाव्या दाराच्या बटणापर्यंत दोन वायरी जातात. एकीला वर-वायर म्हणू, दुसरीला खाली-वायर. कोणी काही दाबलेले नसते तेव्हा या दोन्ही वायरी ड्रायव्हरच्या बटणात अर्थला जोडलेल्या असतात. डाव्या दाराचे बटण स्वस्थ असताना या दोघी त्याच्यातून आरपार जाऊन मोटरच्या दोन टोकांना मिळतात. आता डावीकडे बसलेल्या माणसाने बटण वर ओढले की ते बटण मोटरच्या वर-टोकाला अर्थपासून सोडवून बॅटरीशी जोडते, पण खाली-टोकाला हात लावत नाही. वीज मोटरमधून फिरून खाली-टोकाला बाहेर पडते, खाली-वायरीतून डॅशबोर्डमागून ड्रायव्हरच्या दारात जाते आणि तिथल्या बटणातून अर्थला मिळते. म्हणजे डाव्या माणसाने काच वर घेतली तरी परतीची वाट उजव्या दारातून जाते. आणि ती वाट नेमकी खाली-वायरीची आहे.

हे ध्यानात घेऊन कागदावरची निरीक्षणे पुन्हा वाचली. खाली-वायर तुटलेली आहे असे धरले, तर डाव्या बटणाने काच वर येणार नाही, कारण परतीची वाट नाही. खाली मात्र जाईल, कारण तेव्हा वीज वर-वायरीतून परत येते. ड्रायव्हरच्या बटणाने दोन्ही दिशांना काहीच होणार नाही, कारण त्याला जाण्यासाठी किंवा येण्यासाठी दोन्ही वायरी लागतात. कागदावर अगदी हेच लिहिलेले होते. काच वर न येण्याचे कारण तिला खाली नेणाऱ्या वायरीत होते.

तर्क बरोबर वाटला तरी मीटर लावल्याशिवाय वायर कापू नये. डाव्या दाराचे पॅड, म्हणजे आतले आवरण, काढले. हँडलच्या वाटीतला एक आणि पॅडच्या कडेचा एक असे दोन स्टार स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात आणि एका ठिकाणी ओढल्या की पॅडच फाटते, म्हणून चपट्या पट्टीने प्रत्येक क्लिपेच्या अगदी जवळून उचलावे लागते. मीटरची काळी सुई दाराच्या उघड्या पत्र्याला लावून मामींना बटण वर ओढून धरायला सांगितले. मोटरच्या वर-टोकाला १२.१ व्होल्ट आले. खाली-टोकालाही १२.१ व्होल्टच आले. नवशिक्याला हे पाहून आनंद होतो की दोन्हीकडे वीज आहे, पण मोटरच्या दृष्टीने ही परिस्थिती शून्यासारखी असते. दोन्ही टोके सारख्याच उंचीवर असतील तर पाणी वाहणार कसे? परतीची वाट बंद असल्यामुळे वीज मोटरमधून पलीकडे जाऊन तिथेच थांबली होती. सुई पत्र्यावरून काढून मोटरच्या दोन टोकांमध्ये लावली, तर मीटरने ०.० दाखवले. बटण खाली दाबल्यावर मात्र काच सरकू लागली आणि त्याच दोन टोकांमध्ये साडेअकरा व्होल्ट मिळाले.

मग प्रश्न उरला तो तुटलेली जागा शोधण्याचा. वायरीची वाट लांब असली तरी ती वाटेल तिथे तुटत नाही. डॅशबोर्डमागे ती बांधलेली, न हलणारी असते. हलते ती दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी भात्यात, जिथे दार उघडताना आणि लावताना वायरींचा जुडगा प्रत्येक वेळी वाकतो. या गाडीत असे दोन भाते खाली-वायरीच्या वाटेवर होते, एक डाव्या दाराचा आणि एक उजव्या दाराचा. सतरा वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा कोणते दार उघडले गेले असेल, याचे उत्तर उघड आहे.

मी डावीकडे बसून बटण वर ओढून धरले आणि मामांना म्हटले, "मामा, तुम्ही तुमच्या बाजूचं दार हळूहळू उघडत न्या, घाई करू नका." दार वीतभर उघडले, काही नाही. निम्मे उघडले तेव्हा डाव्या दारातून मोटरचा एक हुंकार आला आणि काच दोन बोटे वर सरकली. दार आणखी उघडले आणि काच सरळ वरपर्यंत जाऊन बसली. मामा दार धरून तसेच उभे राहिले. मग ते स्वतःच म्हणाले, "गॅरेजमध्ये तो पोरगा माझ्या सीटवर बसून किल्ली फिरवायचा तेव्हा हे दार सताड उघडं असायचं." किल्ली चालू करायला ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि हात डाव्या दाराकडे वळवायचा, म्हणून उजवे दार उघडे राहायचे, उघड्या दारात तुटलेली टोके एकमेकांना टेकायची आणि काच चालायची. दार लावून रस्त्याला लागले की ती पुन्हा सुटायची. नवी मोटर 'चालली' ती या योगायोगाने. डाव्या खिडकीची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे उजवे दार कोण तपासणार? मी स्वतःही डावे दारच आधी खोलले होते.

याच टप्प्यावर बल्बाची परीक्षा करून घेतली, कारण मीटरवर विसंबून फसलेली प्रकरणे मला ठाऊक आहेत. मीटर नाममात्र करंट घेतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट मागतो. मोटरचा कनेक्टर सोडवून त्याच्या दोन खुंट्यांमध्ये हा बल्ब लावला आणि बटण वर ओढून मामांना दार पुन्हा हळूहळू हलवायला सांगितले. एका विशिष्ट कोनात मीटर बिनओझ्याने, म्हणजे बल्ब काढल्यावर, १२ व्होल्ट दाखवत होता आणि बल्ब मात्र विझू घातलेल्या निखाऱ्यासारखा नुसता लालसर होत होता. त्या कोनात एखाददुसरी तार टेकलेली होती. अशा वायरीच्या जिवावर मोटर फिरत नाही, आणि केवळ मीटर पाहणारा माणूस 'पुरवठा आहे, म्हणजे मोटर खराब' असे म्हणून मोकळा होतो.

बॅटरीची ऋण तार सोडवून उजव्या दाराचा रबरी भाता खांबाच्या बाजूने सोडवला. वायरींचा जुडगा वरून धडधाकट दिसत होता. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणली. शाबूत वायर ताणली जात नाही. एक लाल-पिवळी वायर मात्र रबराच्या दोरीसारखी लांबली, कारण आत तांबे उरलेले नव्हते, फक्त वरचे आवरण शिल्लक होते. ते आवरण ब्लेडने चिरले तेव्हा आत हिरवा कळंक आणि दोन्हीकडे झाडूच्या काड्यांसारखी तुटलेली टोके दिसली. शेजारच्या दोन वायरींच्या आवरणालाही वाकणीच्या जागी भेगा पडल्या होत्या. त्या अजून चालत होत्या, तरी त्यांनाही हात घातला. नाहीतर भाता पुन्हा उघडण्याची पाळी पुढच्या पावसाळ्यात येणारच होती.

दुरुस्तीत एक गोष्ट कटाक्षाने पाळली आणि ती मला दोष शोधण्याइतकीच महत्त्वाची वाटते. सांधा भात्यात ठेवायचा नाही. तुटलेल्या जागी दोन टोके पिळून टेप गुंडाळली, किंवा तिथेच सोल्डरचा डाग दिला, तर वायर त्या जागी ताठ होते आणि ताठ भागाच्या कडेला पुन्हा तुटते. म्हणून तिन्ही वायरींचा वाकणारा तुकडाच काढून टाकला, दोन्हीकडे चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे गेलो, आणि बारीक तारांच्या, लवचीक, दीड चौरस मिलिमीटरच्या मोटारीच्या वायरीचे पाऊण फुटाचे नवे तुकडे घातले. एक सांधा खांबाच्या आत, दुसरा दाराच्या पोटात, दोन्ही न हलणाऱ्या जागी. तिन्ही वायरींचे सांधे एकाच ओळीत न घेता पुढे-मागे ठेवले, म्हणजे जुडगा एका जागी फुगत नाही. प्रत्येक सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी बसवली आणि भाता त्याच्या खाचेत पूर्ण बसला आहे याची बोट फिरवून खात्री केली, कारण पावसाचे पाणी आत शिरायला तीच वाट असते. वायर, नळ्या आणि रबरासाठी सिलिकॉनचा फवारा मिळून पाचशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

दारे बंद करून डावी काच वर घेतली तेव्हा ती आली, पण उजवीला चार सेकंद लागतात तिथे डावीला सात लागले. हा वेगळा आणि लहान दोष होता. काचेच्या खाचेतले रबर धुळीने कोरडे पडले होते. साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके सपाट पट्टीवर गुंडाळून खाच खालपर्यंत पुसली, ती सुकू दिली आणि सिलिकॉन फवारले. वेळ पाच सेकंदांच्या आत आला. इथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये. रबर फुगते आणि धूळ त्यावर थापली जाते. ग्रीसची जागा मशीनच्या पट्ट्यांवर आणि पोलादी तारेवर आहे, तीही थोडीच.

पॅड परत बसवण्याआधी आणखी एक गोष्ट दिसली. दाराच्या पत्र्यावर आतून प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून ओघळलेले पाणी दारात शिरतेच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावे आणि पॅडकडे येऊ नये म्हणून हा पडदा असतो. मोटर बदलताना तो मधोमध फाडलेला होता आणि तसाच लोंबत सोडलेला होता. मामींच्या पायाखालची मॅट दोन महिने का ओली राहत होती, हे तेव्हा उलगडले. जाड पॉलिथिनचा नवा पडदा कापून चिकट पट्टीने चारही कडांनी लावला आणि दाराच्या तळाची दोन भोके मातीने बुजली होती ती तारेने मोकळी केली.

हे सगळे आटोपल्यावर मामांनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी मोटर आणून दिली. गॅरेजवाल्याने बदललेला भाग परत दिला होता आणि मामांनी तो जपून ठेवला होता. फ्यूज घातलेल्या दोन वायरी बॅटरीपासून घेतल्या आणि मोटरला लावल्या. ती फिरली. वायरींची अदलाबदल केली. ती उलट फिरली, तितक्याच जोराने. मामांनी ती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, वर पेनने 'चालू आहे' असे लिहिले आणि माळ्यावर ठेवली.